डाव्या बाजूचं मागचं चाक

पुराव्याशिवाय निष्कर्ष काढू नये, हे मानवजातीने हजारो वर्षांच्या चिंतनातून मिळवलेलं शहाणपण आहे. जावईबापू कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत असल्यामुळे ते त्यांच्या खास ताब्यात होतं. एका रविवारी सकाळी, बनियनवर, त्यांनी ते टायरमध्ये कोंबलं.

टायर सासऱ्यांच्या गाडीचा. सासरे पंपाच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. खाली ते आणि सासूबाई, वर लेक-जावई, मध्ये जिना. लग्न झाल्यापासून जावईबापूंनी या घरात पान्याला हात लावला, की जिन्याखालून एकच वाक्य यायचं, "तुम्ही राहू द्या." नळ गळो, बिजागरी कुरकुरो, तुम्ही राहू द्या. तेही इतक्या प्रेमाने, की त्यापेक्षा शिवी परवडली असती. म्हणून तर त्यांनी गुपचूप पंक्चर काढायची पेटी विकत घेतली होती आणि ती कपाटात स्वेटरांखाली दडवून संधीची वाट बघत होते.

संधी चहूबाजूंनी चालून आली. मागचं चाक रोज सकाळी बसलेलं दिसू लागलं. सासऱ्यांचं उजवं मनगट मुरगळून पट्टीत गेलं. स्टेपनी धाकट्या मेहुण्याने नेली होती, म्हणजे गेली होती. कोपऱ्यावरचं पंक्चरवाल्याचं दुकान बंद. आणि सासूबाई बहिणीकडून परत येणार होत्या, त्या अकराच्या गाडीने. त्यांना स्टेशनवर ताटकळत ठेवण्याचा प्रयोग सासऱ्यांनी तरुणपणी एकदा केला होता. त्यावरून त्यांना अजून ऐकावं लागतं.

"बाबा, मी काढतो पंक्चर," जावईबापू पेटी घेऊन उतरले.

"तुम्ही रा..." सासऱ्यांनी स्वतःच्या पट्टीकडे बघितलं आणि उरलेलं वाक्य गिळलं. मग पेटीतल्या रबरी वाती बघून त्यांना राहवलं नाही. "ही असली वात कोंबणं म्हणजे दुखऱ्या दाढेत कापूस. टायर उतरवायचा, आतून पॅच मारायचा, त्याला म्हणतात पंक्चर काढणं!"

"उतरवू या मग."

"कशाने? दातांनी?"

पॅच तत्त्वतः जिंकला आणि वात बिनविरोध निवडून आली.

चाक जॅकवर चढलं. पायपंपाने थोडी हवा भरून साबणाचं पाणी ओतलं. चाक फिरवता फिरवता खोबणीत एक चकचकीत खिळ्याचं डोकं दिसलं आणि त्याच्या भोवती फेसच फेस.

"सापडला चोर!" सासरे ओरडले.

वरच्या गॅलरीतून लेक डोकावली. "अहो बाबा, साबणाची अर्धी बाटली संपवलीत! एवढ्या साबणात वरवंटा बुडवला तरी बुडबुडे येतील."

"तू पेपर वाच," खालून दोघे एका सुरात म्हणाले. सासरे-जावयाचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ. तिने पेपर उघडला.

जावईबापूंनी पक्कड लावून खिळा उपटला. खिळा कसला, चूकच ती. करंगळीच्या नखाएवढी.

"एवढीशी?" जावईबापू म्हणाले.

"लांबी बघू नका. नियत बघा."

"पण बाबा, हवेचा आवाज नाही आला."

"येईल कसा? आत हवा राहिलीय कुठे?"

जावईबापूंनी टायर दाबून बघितला. बऱ्यापैकी टणक होता. आता चूक आखूड, आवाज नाही, हवा शाबूत. पहिल्या वर्षाच्या पोरांनीही फळ्यावर येऊन पुढची ओळ लिहिली असती. पण पुढची ओळ लिहिली की पंक्चर नाही, पंक्चर नाही की पेटी पुन्हा स्वेटरांखाली, आणि आयुष्यभर तुम्ही राहू द्या. जावईबापूंनी पुढची ओळ लिहिली नाही. त्यांनी खरखरीत टोचा उचलला.

"भोक साफ करून घेतो," ते म्हणाले.

भोक काही केल्या साफ होईना. ते पिळत राहिले, घाम नाकावरून टपटपू लागला. सासरे बंद गाडीला मागून खांदा देणाऱ्याच्या आवेशात "हां, अजून! सोडू नका!" करत होते. अखेर टोचा खच्चकन आत गेला आणि टायरने दीर्घ निःश्वास सोडला. फुस्स्स!

"बघा! पंक्चर होतं की नाही?" सासऱ्यांचा चेहरा उजळला.

"होतं बाबा!" जावईबापूंना इतका आनंद नोकरी कायम झाली तेव्हाही झाला नव्हता.

मग सगळं चित्रातल्यासारखं घडलं. दाभणाच्या नेढ्यात वात ओवली, तिला सोल्युशन चोपडलं, दाभण दाबून आत घातलं आणि हिसका देऊन बाहेर ओढलं. वात आत राहिली. शेंडा कापला. पायपंपाने हवा भरून पाणी टाकलं, एक बुडबुडा येईल तर शपथ. सासऱ्यांनी डाव्या हाताने वात चाचपली, आणि खिशातून गाडीची किल्ली काढून पुढे धरली.

"तुम्हीच चालवा."

सासूबाई वेळेत मिळाल्या. घरी येईस्तोवर त्यांनी "आमच्या जावयांनी हातांनी काढलं हो पंक्चर" हे इतक्यांदा ऐकलं, की त्या म्हणाल्या, "इतर लोक पायांनी काढतात का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी जावईबापू चोरपावलांनी खाली आले, तर चाकाशी सासरे आधीच उकिडवे बसलेले. चाकही बसलेलं. वात मात्र ठणठणीत. सासऱ्यांनी बोट जिभेला लावून व्हॉल्व्हच्या तोंडावर टेकवलं. एक गोंडस बुडबुडा फुगला, फुटला. दुसरा फुगला.



"पिन सैल आहे," सासरे म्हणाले. "म्हणजे काल..."

"बाबा, निष्कर्ष नको."

सासऱ्यांनी वर गॅलरीकडे बघितलं. कोणी नव्हतं. पिन आवळायची इवलीशी किल्ली त्यांच्या डाव्या हातात होती, आणि तेवढ्या कामाला डावा हात पुरला असता. त्यांनी ती पुढे केली.

"घ्या. तुम्ही करा."

जावईबापूंनी पिन आवळली.

त्या चाकाला आजवर एकच भोक पडलं आहे. ते जावईबापूंनी पाडलेलं असून अजून गळत नाही.