सासरेबुवांची गाइड

आमच्या वेस्ट यलोस्टोनमध्ये हिवाळा आला की गावाचे दोन तट पडतात. एकाला शेजारच्या राष्ट्रीय पार्कात स्नोमोबिल, म्हणजे बर्फावरून पळणारी गाडी, हवी असते, दुसऱ्याला ती डोळ्यांसमोर नको असते. आमच्या घरातलं भांडण मात्र तिसरंच होतं. स्नोमोबिल आम्हा दोघांनाही हवी होती. सासरेबुवांना ती गाइडशिवाय हवी होती, आणि मी गाइड होते.

नियम असा आहे की पार्कात स्नोमोबिल न्यायची तर पुढे परवाना असलेला गाइड पाहिजे. हा नियम ठेवायचा की काढायचा, याची सुनावणी गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता शाळेच्या जिममध्ये होती. नियम गेला तर माझी नोकरी जाणार होती, आणि गावात हिवाळ्यात दुसरं काम मिळत नाही. नियम काढा म्हणणाऱ्या अर्जावर पहिली सही होती ऑरिन हॅल्वर्सन यांची, म्हणजे खुद्द आमच्या सासरेबुवांची. बाकीच्या सह्याही त्यांनीच दारोदार फिरून गोळा केल्या होत्या.

"माझं तुझ्याशी काही भांडण नाही, पोरी," ताटात तिसऱ्यांदा बटाटे घेत ते म्हणाले. "माझं भांडण तत्त्वाचं आहे."

"मग बटाटेही तत्त्वाकडेच मागा," मी म्हटलं.

पार्कात स्नोमोबिल आणि पर्यटकांच्या बर्फावरच्या बस चालाव्यात म्हणून माझा नवरा डेल रात्रभर तिथल्या रस्त्यांवरचा बर्फ दाबायचं यंत्र चालवतो आणि दिवसा झोपतो. आमचा वाद सुरू झाला की तो दिवस नसला तरी झोपतो.

गुरुवारी सकाळी सासरेबुवा हेल्मेट घेऊन मी काम करते त्या स्नोमोबिलच्या दुकानाबाहेर हजर. त्या दिवशी माझ्याकडे दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

"आज मी तुझं गिऱ्हाईक," ते म्हणाले. "गाइड नेमकं काय करते ते बघतो. संध्याकाळच्या भाषणात सांगायला बरं."

गिऱ्हाईक कोणीही असो, निघण्यापूर्वी सगळ्या सूचना द्याव्याच लागतात. त्रेचाळीस हिवाळे पार्कात काढलेल्या माणसासमोर मी उभी राहिले आणि बोट दाखवून म्हटलं, "हा ब्रेक."

"अस्सं? आणि दाबला की काय होतं?"

"गाडी थांबते. मी हात वर केला की तुम्हीही थांबायचं. बायसन दिसला तर पंचाहत्तर फूट लांब राहायचं, इंजिन बंद करायचं. इथे सही करा."

त्यांनी सही ठोकली ती नेमकी गाइडच्या जागेवर. मला वाटलं, खोडसाळपणा. मी नवा कागद काढला आणि बोटाने जागा दाखवली. तेव्हा ते निमूट सही करून मोकळे झाले, याचं मला जरा नवल वाटलं.

त्यांची स्वतःची जुनी, धूर ओकणारी गाडी पार्कात चालत नाही, म्हणून मी त्यांना आमची नवी दिली. त्यांनी ती सुरू केली आणि इंजिनाला कान लावला. "चालू आहे का ही? आमची गाडी सुरू झाली की शेजारच्या तालुक्यातली कुत्री उठायची."

"म्हणून तर त्या बंद केल्या, बाबा."

उजेड वाईट होता. आभाळ पांढरं, जमीन पांढरी, मधे रस्ता कुठे आहे ते अंदाजाने ठरवायचं. मी पुढे, ते मागे. नदीच्या वळणापर्यंत सगळं शिस्तीत चाललं. मग त्यांच्या डोक्यात काय आलं कोणास ठाऊक, शेजारून सर्रकन पुढे निघून गेले. गाइडला ओलांडणं हा सगळ्यांत मोठा गुन्हा. कोणी पाहिलं असतं तर संध्याकाळच्या सुनावणीची गरजच उरली नसती, माझा परवाना तिथेच गेला असता. मनात सासऱ्याचा उद्धार करत मी त्यांच्या मागे सुटले.

वळण संपलं. रस्त्याच्या मधोमध एक थोराड बायसन, केसाळ रानगवाच तो, उभा होता, पाठीवर वीतभर बर्फ साचलेला. त्याच्यापासून सहा फुटांवर सासरेबुवांनी गाडी उभी केली होती आणि हात नाचवत ते त्याच्यावर ओरडत होते.

"अहो, रस्त्यात बस लावायची ही काय पद्धत झाली? निदान दिवे तरी लावा. तुम्हाला परवाना दिला कोणी?"

बायसनाने नाकातून वाफ सोडली.

"हां, आता करतोय इंजिन सुरू," सासरेबुवा म्हणाले. "इतका वेळ झोपला होतात काय?"

मी लांबच गाडी बंद केली. ओरडावं तर जनावर बिथरणार, न ओरडावं तर म्हातारा उतरून त्याच्या दारावर टकटक करणार. मी हलक्या आवाजात म्हटलं, "बाबा, इंजिन बंद करा. हलू नका. ती बस नाही."

त्यांनी इंजिन बंद केलं. जरा वेळाने तितक्याच हळू विचारलं, "मग काय आहे?"

ते चेष्टा करत नव्हते, त्यांना खरंच माहीत नव्हतं. सकाळची सही आठवली आणि मला रडू यायचं बाकी राहिलं.

"शिंगं आहेत त्याला, बाबा."

त्यानंतर वीस मिनिटं सासरेबुवा एक अक्षर बोलले नाहीत. बारा वर्षांच्या संसारात हे मी पहिल्यांदाच अनुभवलं. बायसनाने त्यांना नीट पाहून घेतलं, आणि मग आपला रस्ता असल्यासारखा, डेलने रात्रभर दाबलेल्या गुळगुळीत बर्फावरून चालता झाला.

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. "कधीपासून?"

"गेल्या हिवाळ्यापासून. नजरेचा मधला भाग सगळा दुधात बुडालेला. डॉक्टर म्हणतो, आता यावर इलाज नाही." हातमोजा काढून त्यांनी नाक पुसलं. "गाइड सारखी मागे वळून बघते. एकदा बघितलं की कळणारच ना तिला. मग ही गाडी जाणार, पिकअप जाणार, आणि मी खिडकीत बसून राहणार. कोणाला सांगू नकोस, ट्वायला."

माझं नाव त्यांना माहीत आहे हे मला त्या दिवशी कळलं. नाही सांगणार, असं मी म्हटलं. परत येताना ते माझ्या गाडीच्या मागच्या लाल दिव्याला धरून आले.

पाच वाजता जिम भरलं होतं. डावीकडे स्नोमोबिल हवी म्हणणारे, उजवीकडे नको म्हणणारे, आणि मधल्या वाटेत केक, कारण केक दोन्ही बाजूंना हवा असतो. प्रत्येकाला तीन मिनिटं. यादीत त्यांचं नाव सहावं, माझं सातवं. त्यांना दिसत नाही एवढंच सांगितलं असतं तर नियमही राहिला असता आणि माझी नोकरीही. मी शब्द देऊन बसले होते आणि स्वतःवरच चिडले होते.

सासरेबुवा माइकपाशी गेले. भाषणाचा कागद उघडला, लांब धरला, जवळ धरला आणि घडी करून खिशात ठेवला.

"मी ऑरिन हॅल्वर्सन. गाइड नको, या अर्जावर पहिली सही माझी." डावीकडून टाळ्या. "आज सकाळी मी एका बायसनाला रस्त्यात बस लावल्याबद्दल झापलं."

दोन्ही बाजू हसल्या. ते हसणं थांबेपर्यंत ते उभे राहिले.

"मी गंमत करत नाही. मला बसच दिसली. मला दिसत नाही आता. माझ्या गाइडला ओलांडून मी पुढे गेलो. चूक माझी, तिची नाही, हे लिहून घ्या. तिने मला जागच्या जागी बसवलं म्हणून मी इथे आहे. इथे सह्या करणारे आम्ही सगळे असंच समजतो की आम्हाला दिसतं. नियम राहू द्या."

पार्कचा माणूस घड्याळ बघून म्हणाला, "तुमची अजून दोन मिनिटं आहेत."

"सुनेला द्या. ती जास्त बोलते."

माझं नाव पुकारलं. घरी चार पानं पाठ करून आले होते, त्यातलं एक वाक्य आठवेना. "मला यांना घरी न्यायचंय," एवढंच म्हटलं आणि त्यांचा दंड धरून बाहेर आले.

पिकअपपाशी ते सवयीने ड्रायव्हरच्या दाराकडे गेले. किल्ली हातातच होती. तिथे जरा वेळ उभे राहिले, मग दार उघडून माझ्यासाठी धरलं. मी बसले तेव्हा किल्ली माझ्या हातात दिली आणि गाडीच्या नाकाडावर हात ठेवून, चाचपत, पलीकडच्या बाजूने आत येऊन बसले.

कोपऱ्यावर मी गिअर टाकला. तसे ते म्हणाले, "गिअर फार जोरात टाकतेस तू."