ऊद फिरला की उठायचं

मित्रांनो, आधी मला नीट पाहून घ्या. मी एक जुना मबखरा आहे. नाव ऐकून कपाळाला आठ्या घालू नका. आपल्याकडच्या धुपाटण्याचा मी आखातातला चुलतभाऊ. खाली चार पायांची लाकडी बैठक, वर पितळेची वाटी, अंगावर पितळी खिळे आणि आरशाचे तुकडे. वाटीत निखारा, निखाऱ्यावर उदाचा, म्हणजे अगरूच्या सुगंधी लाकडाचा, तुकडा ठेवला की माझं काम सुरू होतं. सध्या माझा मुक्काम आयर्लंडमध्ये, ब्लँचर्डस्टाउनच्या एका घरात, खिडकीपाशी आहे. इथे येणारे-जाणारे मला पेनं ठेवायचं स्टँड समजतात. मी वरवर काही दाखवत नाही, पण मला ते लागतं.

माझा जन्म दुबईच्या खाडीकाठचा. गलबतं बांधायला मलबारहून साग यायचा. त्यातल्या एका फळीचा उरलेला तुकडा एका बलुची सुताराने उचलला आणि मला घडवलं. मग देरा भागातल्या मसाल्याच्या बाजारात मी एका फळीवर बसून राहिलो. एका बाजूला वाळलेली काळी लिंबं, दुसऱ्या बाजूला गुलाबकळ्यांची पोती, आणि समोर लोबानाचा ढीग. तिथे मला पद्माकररावांनी पाहिलं. ते खाडीपलीकडे, बर दुबईच्या कापडबाजारात एका सिंधी शेटजींच्या पेढीवर कारकून होते. घासाघीस करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. "लाकूड आमच्याकडचं, मग मिजास तुमच्याकडची कशी?" असं त्यांनी दुकानदाराला मोडक्या अरबीत विचारलं. दुकानदार हसला, त्याने चहा पाजला, आणि मी त्यांच्या घरी आलो.

देताना दुकानदाराने एक रीत सांगितली. पाहुणे आले की आधी कॉफी, खजूर, गप्पा. सगळ्यात शेवटी मबखरा फिरवायचा. प्रत्येकाने धूर अंगावर घ्यायचा आणि उठायचं. ऊद फिरला की बैठक संपली. यजमानाने 'आता या' म्हणायचं नाही आणि पाहुण्याने 'येतो' म्हणत तासभर दारात उभं राहायचं नाही. पद्माकररावांना ही रीत फार आवडली. मराठी माणसाचं निघणं किती लांबतं, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, ते नव्याने आलेल्या मराठी मंडळींना जुनी दुबई दाखवायला नेत. बस्तकिया या जुन्या वस्तीतल्या प्रवाळी दगडांच्या भिंती, घरांवरचे वाऱ्याचे मनोरे, मग कापडबाजार, देवळाजवळची फुलांच्या हारांची अरुंद गल्ली, तिथून अब्रा नावाच्या होडीतून खाडी ओलांडून देरा. उंच इमारतींकडे कोणी बोट दाखवलं की म्हणत, "त्या काय, उद्याही असतील. हे बघून घ्या." फेरीचा शेवट त्यांच्या घरी व्हायचा. त्यांच्या पत्नी पद्मिनीबाई पोहे करायच्या आणि शेवटी मी फिरायचो. माझं किती कौतुक व्हायचं म्हणून सांगू! बायका पदराला धूर द्यायच्या, पुरुष रुमालाला. ते माझे सोन्याचे दिवस होते.

दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत दोघं लेकीकडे आयर्लंडला आले. अस्मिता इथल्या एका हॉस्पिटलात डॉक्टर, जावई अंबरीश सॉफ्टवेअरमध्ये, आणि नात रेवा नऊ वर्षांची. मला हँडबॅगेत, लोकरीच्या टोपीत गुंडाळून आणलं. थोड्याच दिवसांत करोना आला, विमानं थांबली, आणि घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही असा हुकूम सुटला. आयुष्यभर दर शुक्रवारी पायपीट केलेला माणूस सोफ्यावर बसून राहिला. अंबरीश म्हणाला, "बाबा, टीव्ही लावू का?" त्यावर त्यांनी अशी नजर टाकली की तो रिमोट ठेवून वर निघून गेला.

पण स्वस्थ बसतील तर ते पद्माकरराव कसले! पुढच्या शुक्रवारी त्यांनी घराचीच जुनी दुबई केली. जिन्यावरच्या छतातली खिडकी म्हणजे वाऱ्याचा मनोरा. दारामागे टांगलेले कोट म्हणजे कापडबाजार. दिवाणखान्याचा गालिचा ही खाडी, सोफा हा अब्रा. अंबरीश ज्या खोलीतून काम करायचा ते कस्टम्सचं ऑफिस. तिथे बिस्कीट दिल्याशिवाय माल सुटत नसे. स्वयंपाकघरातलं कपाट, ज्याला इथे सगळे प्रेस म्हणतात, तो देराचा मसालेबाजार. रेवा तिथे स्टुलावर बसून आजोबांना हळद विकायची आणि एक पैसा कमी करायची नाही.

"आजोबा, धिस प्राइस इज फायनल," ती म्हणायची.

"तुझं दुकान बुडणार बघ," ते म्हणायचे आणि खूश व्हायचे.

मनोऱ्याखाली ते तिला थांबवून सांगत, "रेवा, लोकांना वाटतं हा मनोरा वारा आत आणण्यासाठी आहे. पण आलेल्या वाऱ्याला बाहेर जायची वाटही यातच असते. ती नसेल तर नवा वारा येत नाही." रेवा मान हलवायची आणि पुढच्या दुकानाकडे पळायची.

शेवटी मी. पहिल्याच दिवशी माझा धूर छतावरच्या अलार्मला लागला आणि त्याने जे बोंबलायला सुरुवात केली! शेजारच्या नोरीनबाई चपला न घालता धावत आल्या. "आर ये ऑल राइट इन देअर?" असं त्या अंगणातूनच ओरडल्या. खिडकीतून मला पाहिलं आणि डोळे मिटून धुराचा वास घेतला. मग "ग्रँड, ग्रँड," म्हणत परतल्या. पुढच्या शुक्रवारपासून अंबरीश अलार्मला आंघोळीची टोपी घालू लागला.

मग एप्रिलमधला तो शुक्रवार आला. फेरी झाली, निखारा फुलला, पद्माकररावांनी ऊद टाकला आणि नाक पुढे केलं. त्यांचा चेहरा बदलला. आणखी एक तुकडा टाकला. पुन्हा वाकले.

"भेसळ!" ते म्हणाले. "चाळीस वर्षांची ओळख, आणि त्या देराच्या दुकानदाराने मला लाकडाचा भुसा दिला. वासच नाही."

"आजोबा, आय कॅन स्मेल इट!" रेवा म्हणाली.

"तू दुकानदाराचीच बाजू घेणार. अगं पद्मिनी, तुला येतोय का?"

पद्मिनीबाई पोह्यांवर कोथिंबीर घालत होत्या. घर उदाने घमघमत होतं. पण दुकानदारांशी भांडणं हा नवऱ्याचा आवडता छंद, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्या हसून म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल ते खरं." पद्माकररावांनी निखारा सिंकमध्ये विझवला. "खोटा माल पाहुण्यांपुढे फिरवायचा नाही," म्हणाले. मित्रांनो, मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते शेवटचं वाक्य. त्या दिवशी ऊद फिरलाच नाही.

वास जाणं ही या आजाराची खूण आहे, हे तेव्हा घराघरांत पोचलं नव्हतं. अस्मिताला माहीत होतं, पण घरच्यांना लागण नको म्हणून ती त्या आठवड्यांत हॉस्पिटलजवळ वेगळी राहत होती. दोन दिवसांनी ताप चढला, मग ॲम्ब्युलन्स आली. पद्मिनीबाईंना तिच्या दारापर्यंतही जाऊ दिलं नाही. ते परत आले नाहीत. पेटी बंद होती, माणसं मोजकी होती, आणि घरातली उरलेली मंडळी विलगीकरणात, फोनच्या पडद्यावर पाहत होती. नंतर अस्मिताने विचारलं, "आई, बाबांना शेवटी वास येत होता का गं?" पद्मिनीबाई म्हणाल्या, "येत होता." त्यानंतर त्यांनी मला उचललं आणि वरच्या हॉट प्रेसमध्ये, चादरींच्या मागे ढकलून दिलं.

हॉट प्रेस म्हणजे इथलं उबदार कपाट. पाण्याची टाकी त्यातच असते, आणि ती तापवायचं यंत्र, इमर्शन, लावलं की आतले कपडे गरम होतात. तिथे अंधारात मी नऊ महिने राहिलो. अंगावर धूळ बसली, एक आरसा निखळला. पण पहिल्या काही आठवड्यांतच ते सुरू झालं.

शुक्रवारी संध्याकाळी जिन्यावर उदाचा वास येऊ लागला. पहिल्यांदा रेवाला आला. ती खाली धावली. "आजी, ही'ज हिअर! आजोबा!" पद्मिनीबाई जिन्याच्या पायथ्याशी आल्या, डोळे मिटून उभ्या राहिल्या, आणि त्यांनी वर पाहून हळूच म्हटलं, "अहो, आलात का?" त्या दिवसापासून शुक्रवारी सोफ्याच्या एका टोकाला कोणी बसायचं नाही, असा घरात नियमच झाला. अंबरीश एकदा चुकून बसला तर त्या ओरडल्या, "उठा तिथून, होडी भरलीय!" उन्हाळ्यात जवळच्या हाउथ गावच्या समुद्रात अस्थी सोडल्या तेव्हा पद्मिनीबाई गाडीतून उतरल्या नाहीत. "तुम्ही सोडा," म्हणाल्या. "ते घरीच आहेत." त्या बाहेर पडेनात, जेवण दोन घासांवर आलं. दुपारी जिन्यावर बसून राहायच्या.

मित्रांनो, तो वास माझा होता. शुक्रवारी सगळ्यांच्या आंघोळीसाठी इमर्शन लागायचं, माझं लाकूड तापायचं, आणि इतक्या वर्षांचा मुरलेला ऊद बाहेर पडायचा. मला हे सांगायचं होतं, पण मला तोंड कुठे आहे? पण खरं सांगतो, एका शुक्रवारी इमर्शन बिघडलेलं होतं. मी थंडगार होतो. तरीही जिन्यावर वास आला, आणि सोफ्याच्या स्प्रिंगा कुरकुरल्या. ते काय होतं, मला आजतागायत कळलेलं नाही. एवढंच कळत होतं की फेरी अर्धवट राहिलेला एक माणूस घरात अडकला होता, आणि त्याला निरोप देऊ शकणारा मी चादरींच्या मागे पडलो होतो. पद्मिनीबाईंनाही ते कळत असावं. म्हणूनच तर त्या कपाटाला कोणाला हात लावू देत नव्हत्या.

एकवीस सालच्या जानेवारीत नोरीनबाईंची बहीण बिड नावन गावी वारली. नोरीनबाई स्वतः विलगीकरणात होत्या, जाता येईना. त्यांनी चर्चमधला विधी फोनवर पाहिला. दुसऱ्या दिवशी त्या मागच्या अंगणात भिंतीपलीकडे उभ्या राहिल्या, आणि आमच्या पद्मिनीबाई दोरीवरचे कपडे काढायला बाहेर आल्या होत्या. पद्मिनीबाईंचं इंग्रजी दुबईतलं, त्यामुळे दोघींचं बरं जमायचं. मी ज्या खिडकीजवळच्या कपाटात होतो तिथे सगळं ऐकू येत होतं.

नोरीनबाई म्हणाल्या, "आमच्यात शेवटी पाद्री साखळीचं धुपाटणं घेऊन पेटीभोवती फिरतो. धूर दिला की झालं, माणूस जायला मोकळा. नेमक्या तेवढ्यात माझा फोन अडकला, लव्ह. धूर उठला आणि चित्र थांबलं. तिला सोडलंच नाही असं वाटतंय मला. ती रात्रभर माझ्या पायथ्याशी बसलेली असते." मग थोडं थांबून म्हणाल्या, "ते तुमचं धुराचं भांडं आहे का अजून?"

पद्मिनीबाईंनी हातातले कपडे दोरीवरच टाकले. मग जिन्यावर पावलं वाजली. कपाटाचं दार उघडलं आणि माझ्यावर उजेड पडला. त्यांनी पदराने माझे आरसे पुसले, निखारा केला, आणि त्याच पुडीतला, त्या भेसळीच्या ठरलेल्या मालातला एक तुकडा टाकला. भिंतीवरून मला लांब धरलं. वारा त्या बाजूचाच होता. नोरीनबाईंनी डोळे मिटले, छातीवर क्रूस केला आणि मोठ्याने म्हणाल्या, "ये आता, बिड. घरी जा." एवढंच. मग त्या हमसून रडल्या आणि रडता रडता हसल्याही.

पद्मिनीबाई मला घेऊन घरात आल्या. रेवा जिन्यावर उभी होती.

"आजी, इफ यू डू दॅट, ही'ल गो." ती म्हणाली.

"हो गं बाळा," त्या म्हणाल्या. "ऊद न फिरवता पाहुण्याला अडकवावं तसं मी त्यांना बसवून ठेवलंय."

आणि मग आमची फेरी निघाली. कोटांच्या कापडबाजारातून, कस्टम्सच्या दारावरून, जिथे अंबरीश हेडफोन काढून उभा राहिला. स्वयंपाकघरातल्या देराला रेवाने स्टूल बाजूला केलं. अस्मिता नुकतीच ड्यूटीवरून आली होती. ती तशीच कोटासकट मागून चालू लागली. सोफ्याच्या त्या टोकाशी पद्मिनीबाई थांबल्या. त्यांनी मला तिथे धरलं आणि बोलल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या.

"अहो, ऊद चांगला होता. अस्सल माल होता. तुमचं नाक गेलं होतं आणि मला वास येत होता. मी थट्टेत घेतलं. अस्मिता, मी तुलाही खोटं सांगितलं." अस्मिताने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पद्मिनीबाईंनी डोळे पुसले नाहीत. "घ्या, अंगावर घ्या," त्या सोफ्याला म्हणाल्या. "आणि उठा आता."

जिन्यावर अंबरीशने छतातली खिडकी उघडली. बाहेरचा थंडगार वारा आत आला, आणि माझा सगळा धूर एका ओढीने वर, आकाशात निघून गेला. अलार्मला टोपी घालायची कोणाला आठवण राहिली नव्हती, पण तो वाजला नाही.

त्यानंतर शुक्रवारी वास येत नाही. तुम्ही म्हणाल, येणार कसा, मबखरा कपाटात नाहीच. खरं आहे. पण त्या दिवशी सोफ्याची स्प्रिंग एकदा कुरकुरली, भरल्या जागेवरून कोणीतरी उठावं तशी. ते पाचही जणांनी ऐकलं. पाचवा मी.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं आम्ही म्हातारी मंडळी नेहमी सांगतो. मी तेवढंच सांगणार नाही. मला झटका, पुसा, निखळलेला आरसा चिकटवा, पण कपाटात कोंडू नका. वापरा. तुमच्या घरात कोणाचा निरोप राहिला असेल तर त्याच्यासाठी एक खिडकी उघडा.

माझी वाटी आता थंड होत आलीय. ऊद फिरलाय. उठा तुम्हीही.