शिखरावर नेलेली सवत

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे, आणि आधीच सांगून टाकते, मी मत्सरी आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी शांत, समजूतदार असावं अशी लोकांची अपेक्षा असते. मला ते जमलेलं नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे काचा घासणाऱ्या बायकांनी मला फुलासारखं हाताळलं. मग मी एका चष्मेवाल्याच्या हाती आले. खाली त्याचं दुकान, वर घर, त्यावर गच्ची. दर उन्हाळ्यात एका रविवारी तो गावामागच्या डोंगराच्या शिखरावर जायचा आणि मी त्याच्या गळ्यात असायची. बायको दुकान सांभाळायला मागे राहायची आणि दुपारी गच्चीवर पिवळी चादर वाळत घालायची. शिखरावरून नदी, पूल, शेतं, लांबचे निळे डोंगर, चहूकडचा मुलूख दिसतो. पण चष्मेवाला आधी माझ्यातून ती चादर शोधायचा. ती सापडली की मगच डबा उघडायचा. तेव्हा मला वाटायचं, या घरात माझ्यावाचून पान हलत नाही.

उरलेलं वर्ष मात्र मी कपाटात, कातडी पेटीत बंद. दिवसभर गिऱ्हाइकांच्या काचा पुसणाऱ्या या माणसानं माझ्या काचा कधी पुसल्या नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पेटीतल्या ओलीनं माझ्या आत बुरशी धरली आणि मला सगळं धुरकट दिसू लागलं.

या वर्षी लेकीनं त्याला नवी दुर्बीण आणली. लांबुडकी, एकडोळी, तीन पायांवर उभी राहणारी. घरात सवत आली म्हणा ना! चढणीवर ती लेकीच्या खांद्यावर, मऊ कापडात गुंडाळलेली. मी पिशवीच्या तळाशी, पाण्याच्या बाटलीखाली. ऊन रणरणत होतं. सावली आली की लेक बापाला बसवायची आणि बसल्या बसल्या हिची काच पुसायची. माझा नुसता जळफळाट चालला होता. ही बया दगडावर आपटावी, निदान एखादा पाय तरी मोडावा, अशी मी मनोमन प्रार्थना केली. पाय काही मोडला नाही.

माथ्यावर चष्मेवाल्यानं सवयीनं आधी मला बाहेर काढलं. मी सगळा जीव डोळ्यांत आणला.

"पिवळं काहीतरी दिसतंय खरं," तो म्हणाला.

"बाबा, यातून बघा ना," लेक म्हणाली.

मला दगडावर ठेवून तो सवतीपाशी वाकला. मग हळूच म्हणाला, "अगं, तुझी आई उभी आहे. चादरीशेजारी. हात हलवतेय."

"दरवर्षी हलवते. मी लहानपणापासून गच्चीवर तिच्याशेजारी उभी राहून बघतेय. मला वाटायचं, तुम्हाला दिसत असेल."

त्यानं वाकल्या वाकल्याच हात वर केला आणि कितीतरी वेळ हलवत राहिला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. इतकी वर्षं ती बाई उन्हात उभी होती आणि मी त्याला नुसती चादर दाखवत होते. सवतीनं पहिल्याच दिवशी माणूस दाखवलं.

संध्याकाळी घरी येताच त्यानं बायकोला विचारलं, "कधी बोलली का नाहीस?"

"चादर सापडली म्हणून तुम्ही एवढे खूश होऊन यायचात. कशाला विरजण घालायचं?" ती म्हणाली. मग तिनं पिशवीतून मला उचललं. "ही आता माझी. पुढच्या वर्षी मीही गच्चीवरून तुम्हाला बघेन."

"तिच्यातून काही दिसायचं नाही. आत बुरशी आहे."

"मग चष्मेवाले कशाला झालात? उघडा आणि पुसा."

तो निमूटपणे दुकानात उतरला. दिव्याखाली त्यानं मला उघडलं आणि माझे इवले इवले स्क्रू तिनं आपल्या तळहातावर धरले. सवत वर खिडकीत तीन पायांवर मिरवत होती. तिचा हेवा मला आजही वाटतो, खोटं कशाला बोलू?

तर मित्रांनो, काचा वेळच्या वेळी पुसत जा. पलीकडे कुणीतरी उन्हात उभं राहून हात हलवत असतं.