चार घरांत अर्धा अर्धा

निर्मला घोडेस्वारने शाळेच्या मैदानावर फक्कीने दोन रेघा मारल्या, एक उभी, एक आडवी, आणि मोहटाकळीचं अख्खं गाव त्यांच्या चार घरांत मुकाट्याने जाऊन उभं राहिलं. मग रेघा उगवल्या. आडवी कमरेएवढी होऊन थांबली. उभी डोक्यावरून गेली आणि तिची पांढरी भिंत झाली. कुणाला नवल वाटलं नाही. साथीच्या गावात असंच होतं.

निर्मलाने वही उघडली. उजव्या हातात पेन्सिल, डाव्या मुठीत खोडरबर, अशीच ती अकरा वर्षं साथीचे आकडे मांडत आली होती.

क. विहिरीचं पाणी प्याले, आजारी: ३०
ख. प्याले, धडधाकट: २३
ग. प्याले नाहीत, आजारी: ०
घ. प्याले नाहीत, धडधाकट: ४०

शाळेची विहीर उभ्या भिंतीखाली आली होती. अर्धी क मध्ये, अर्धी ख मध्ये. दोन्हीकडून कळश्या बुडत होत्या. बाहेरची बाजू मोकळी होती, पण मोजलेलं माणूस बाहेर येत नाही.

ख मधल्या एका माणसाने पोट धरलं आणि तो भिंतीतून आरपार क मध्ये गेला. पडला. क मध्ये मेलेलेही उभेच होते, कारण मेला तरी आकडा कमी होत नाही. निर्मलाने ३० खोडून ३१ केले, २३ खोडून २२.

"खाडाखोड दिसता कामा नये," जीपमधून डॉ. खडसंग म्हणाले. ते तालुक्याचे आरोग्य अधिकारी. विहिरीवर टाकायची लोखंडी जाळी आणि कुलूप त्यांच्या मांडीवर होतं. "क गुणिले घ. ख गुणिले ग. पहिल्याला दुसऱ्याने भागा. पिणाऱ्यांना धोका किती पट आला?"

"सर, ग मध्ये शून्य आहे. शून्याने भाग जात नाही."

"मग कुलूपही लागत नाही."

"पण सर, समोर दिसतंय!"

"दिसलेलं पाठवता येत नाही, बाई. आकडा द्या."

ख मध्ये निर्मलाची धाकटी बहीण होती, वनमाला. याच गावात दिलेली. तिच्या हातात भरलेली कळशी होती.

"पिऊ नको गं," निर्मला म्हणाली.

"ताई, मी पिणाऱ्यांच्या घरात आहे ना पण," वनमाला म्हणाली आणि प्यायली.

घ मधली पारबता ओरडली, "मले टाक न वं बाई त्या रिकाम्या घरात! उलटी काढून दाखवतो!"

"खोटं नोंदवता येत नाही, आजी."

हे ऐकून घ मधल्या चौघांनी तुकडोजी न्हाव्याला धरलं. खाली पाडलं. तो ओकेपर्यंत त्याच्या पोटात लाथा घातल्या आणि रक्ताची गुळणी टाकणारा न्हावी भिंतीशी उभा करून म्हणाले, "घ्या. पाणी न पिता आजारी."

"मारून पाडलेला आजारी धरत नाहीत," खडसंग म्हणाले.

तुकडोजी घ मध्येच राहिला. ग मध्ये ऊन पडलं होतं, बाकी काही नव्हतं.

"एक दुरुस्ती असते," खडसंग म्हणाले. "एखादं घर रिकामं असलं की चारही घरांत अर्धा अर्धा मिळवायचा. मग भाग जातो."

"अर्धा काय, सर?"

"माणूस. दोन लागतील. मोजलेले चालणार नाहीत."

न मोजलेले तिघेच होते. निर्मला, खडसंग आणि शिपाई दशरथ.

"मी सही करणारा," खडसंग म्हणाले. "अर्धी सही चालत नाही."

दशरथने चपला काढून बाजूला ठेवल्या. "मॅडम, सकाळपासून पोटात काही नाही जी. घाण होणार नाही."

क आणि ख मधल्या भिंतीच्या टोकाला तो पाय फाकवून उभा राहिला. निर्मलाने त्याच्या पायांमधून रेघ हातभर पुढे नेली. रेघ उगवली. ओलं लाकूड फोडल्यासारखा आवाज झाला, मध्ये एकदा अडला, आणि मग डोक्यापर्यंत गेला. घाण झाली. एक अर्धा क मध्ये ओढला गेला, दुसरा ख मध्ये. दोन्हीकडून एकदमच आवाज आला, "हजर."

वनमालाच्या पातळावर रक्त उडालं. तिने ते कळशीतल्या पाण्याने धुतलं.

निर्मला दुसऱ्या टोकाला गेली. भिंतीला पाठ टेकली. उजवा पाय ग मध्ये, डावा घ मध्ये. तिने वाकून स्वतःच्या पायांमध्ये फक्की ओतली. दात घट्ट मिटले, आणि मग ते दोन ठिकाणी मिटले.

उजवी निर्मला, ग मध्ये, एकटी. वही तिच्याकडे. साडेएकतीस गुणिले साडेचाळीस. रक्त कागदावर पडायच्या आत तिने भाग दिला. भाग गेला.

डावी निर्मला, घ मध्ये. आडव्या भिंतीपलीकडे, हाताच्या अंतरावर, वनमाला.

"आलं का, बाई?" खडसंग जीपमधून उतरले. जाळी त्यांनी डोक्यावर घेतली होती.

उजवीने लिहिलं. ११३.४ पट.

"शाब्बास! दाखवा. वर धरा."

कळशी पडल्याचा आवाज झाला.

डाव्या डोळ्याने निर्मलाने वनमालाला पोट धरून भिंतीत शिरताना पाहिलं. उजव्या डोळ्याने तिला भिंतीतून निघताना पाहिलं. क मध्ये साडेबत्तीस झाले होते. ख मध्ये साडेएकवीस.

"ताई," वनमाला म्हणाली, "लवकर कर ना गं."

खडसंग थांबले. त्यांनी क कडे बघितलं, मग वहीकडे.

"हा आकडा जुना झाला," ते म्हणाले. "खोडा."

ग मध्ये उजव्या हाताने पेन्सिल धरली होती. उभ्या भिंतीपलीकडे, घ मध्ये, डावी मूठ उघडली, आणि तिच्यात खोडरबर होतं.