काकूच्या अक्षरांचा लॅपटॉप

मी एक जुना लॅपटॉप आहे आणि माझ्यातलं सगळं पुसून टाकण्यात आलं. मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. काहीही झालेलं नाही. सगळं जागच्या जागी आहे, काकू मजेत आहे आणि मी टेबलावर ऐटीत उघडा बसलो आहे. आता सुरुवात करू.

माझा जन्म एका सरकत्या पट्ट्यावर झाला. पुढे माझ्यासारखेच भाऊ, मागे माझ्यासारखेच भाऊ. पट्ट्याच्या टोकाला एक बाई उभी होती. तिने माझ्या पोटावर 'तपासले' अशी चिठ्ठी चिकटवली आणि मग मला तपासलं. चिठ्ठी खोटी ठरू नये म्हणून मी व्यवस्थित सुरू झालो. माझ्या आयुष्यातला तो पहिला समंजसपणा.

त्या वर्षी कंपनीने मोठा समारंभ केला आणि मी जगातला सर्वांत वेगवान लॅपटॉप असल्याचं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. पुढच्या वर्षी तस्साच समारंभ झाला, माझ्या धाकट्या भावाला जगातला सर्वांत वेगवान म्हणून जाहीर केलं आणि माझा उल्लेख 'आधीचा' असा झाला. त्यालाही टाळ्या पडल्या. आमच्या खानदानात म्हातारपण असं वाजतगाजत येतं. मी तेव्हा अजून खोक्यातच होतो.

मला विकत घेतलं काकूने. तिला घरचे, गिऱ्हाइकं आणि अख्खी गल्ली काकूच म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागलो. घराच्या पुढच्या खोलीत तिचं भरतकामाचं दुकान होतं. एका बाजूला भरतकामाचं यंत्र, भिंतीवर दोऱ्यांची रिळं आणि खिडकीखाली मी. कुठे किती टाके घालायचे हे मी यंत्राला सांगायचो आणि ते मुकाट्याने घालायचं. शाळेच्या गणवेशावरची चिन्हं, उशांचे अभ्रे, टॉवेलांवरची नावं, असं सगळं आम्ही दोघं करायचो.

पण काकूची खासियत वेगळी होती. ती माणसांचं अक्षर शिवायची. छापील नव्हे, स्वतःच्या हातचं. कोणी मुलाने लिहिलेलं पहिलं नाव आणायचं, कोणी बापाची सही. काकू तो कागद पातळ कागदावर उतरवून घ्यायची, तो पातळ कागद चिकटपट्टीने माझ्या पडद्यावर चिकटवायची आणि मागून येणाऱ्या माझ्या उजेडात, माउसने, एकेक टाका रेषेवर ठेवत जायची. अशी युक्ती कुठल्याच कंपनीने माहितीपुस्तकात लिहिलेली नाही. मी तसा महागडा दिवा होतो म्हणा ना. पण मला ते काम आवडायचं. जगातला सर्वांत वेगवान लॅपटॉप सकाळपासून दुपारपर्यंत एका 'का'चा काना चढत होता आणि कोणालाही घाई नव्हती.

काम झालं की काकू मूळ कागद परत द्यायची आणि पातळ कागद फाडून टाकायची. "माणसाचं अक्षर माणसाकडे असावं," असं तिचं म्हणणं. टाक्यांचा आराखडा तेवढा माझ्याकडे राहायचा.

एकदा कोपऱ्यावरचे कुलूपवाले काका आले. किल्ल्या करणं, कुलपं उघडणं हा त्यांचा धंदा. त्यांची बायको नुकतीच गेली होती. खिशातून त्यांनी एक चिठ्ठी काढली. तीवर लिहिलं होतं, 'जाताना कुलूप नीट लावा.'

"सगळ्या गावाची कुलपं मी बसवतो," काका म्हणाले, "आणि ही बाई रोज मला हे लिहून ठेवायची. रोज!"

"मग लावायचात का नीट?" काकूने विचारलं.

"कुठलं हो. दोनदा किल्ली आतच राहिली. स्वतःच्याच घराचं कुलूप फोडलंय मी."

काकू हसली, काकाही हसले, आणि मग दोघंही माझ्याकडे बघत बसले. त्या चिठ्ठीत दोन 'ल' होते. एक सरळ उभा होता आणि दुसरा थकून शेजारच्या कान्याला टेकला होता. काकूने तो टेकलेला 'ल' तसाच टेकवला. जिथे शाई अडखळली होती तिथे टाकाही अडखळवला. रुमाल तयार झाला तेव्हा काकांनी तो नाकापाशी धरला, जणू दोऱ्याला वास येणार होता.

पुढे ती चिठ्ठी शर्टाच्या खिशात राहून धुतली गेली. काका धावत आले. काकू म्हणाली, "घाबरू नका. ते अक्षर माझ्याकडे आहे. रुमाल विरला की या, कधीही या." काकू 'माझ्याकडे' म्हणाली, पण ते माझ्याकडे होतं, मित्रांनो. त्या दिवशी माझा पंखा जरा जास्तच जोरात फिरला.

आता मला घरातल्या दोन विद्वानांची ओळख करून द्यायला हवी. पहिला, काकूचा पुतण्या. त्याला घरात तज्ज्ञ म्हणत. तो एका कार्यालयात कामाला होता, पण त्याचं खरं काम म्हणजे यंत्रांबद्दल मत असणं. तो प्रत्येक गोष्टीला दहापैकी गुण द्यायचा. आईच्या हातच्या चहालाही त्याने एकदा सात दिले होते. "चव छान आहे, पण हातात धरला की तापतो." दुसरे, काकूचे जावई. त्यांची एका महागड्या कंपनीवर निष्ठा होती. त्यांचा फोन, घड्याळ, कानातली बोंडं, सगळं त्याच कंपनीचं. चष्मा तेवढा दुसऱ्याचा होता, आणि त्याबद्दल ते दिलगीर असायचे.

दोघं जेवायला एकत्र बसले की ताट निवायचं.

"भाऊजी, तुमची कंपनी चार्जरसुद्धा वेगळा विकते. उद्या झाकण वेगळं विकेल."

"विकू दे. झाकण असं असेल ना, की तू उघडणारच नाहीस. नुसता बघत बसशील."

"आणि बिघडलं की?"

"आमचं बिघडत नाही. ते फक्त नवं होण्याची वेळ आलीय असं सांगतं."

काकू मध्येच विचारायची, "त्याला माझं भरतकामाचं यंत्र जोडता येतं का?" मग दोघंही वरण वाढून घ्यायचे. पडद्यावर किती रंग दिसतात हे त्यांना पाठ होतं. पण त्या पडद्यासमोर कोण बसणार, हा प्रश्न परीक्षेत नव्हता.

माझ्याबद्दल मात्र दोघांचं मत एकच होतं. मी जाड होतो, हळू होतो आणि माझ्या पडद्यावर चिकटपट्टीचे डाग होते.

"चालतोय की अजून," काकू म्हणायची.

"काकू, चालतोय ही काही खुबी नाही," तज्ज्ञ सांगायचा.

आणि मग अर्ध्या सिंहाचं प्रकरण घडलं. एका शाळेच्या गणवेशावर सिंह शिवायचा होता. ऐन कामात मी तापलो आणि बंद पडलो. यंत्राने तोवर मिळाला तेवढा सिंह शिवला. म्हणजे डोकं, आयाळ, पुढचे दोन पाय आणि मग एकदम कापड. नेमका तोच सदरा घाईत गठ्ठ्यात गेला. मुख्याध्यापिकाबाई स्वतः आल्या. "पोरं विचारतात, बाकीचा सिंह कुठे गेला? मी काय सांगू?" काकूने माफी मागितली. त्या गेल्यावर ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. रागाने नाही. आजारी माणसाकडे बघतात तसं.

नवा लॅपटॉप आला. कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही, नाहीतर जेवणं पुन्हा निवतील. तो पातळ होता, थंड होता आणि बोट लावलं की त्याला कळायचं. तज्ज्ञाने त्याला साडेनऊ दिले. मग त्याने माझ्यातलं सगळं इंटरनेटवरून नव्याकडे पाठवायला लावलं.

"काकू, झालं बघ. सगळं वर गेलं."

"वर गेलं असं म्हणू नये रे मेल्या. नीट गेलं म्हणावं."

पडद्यावर हिरवी खूण आली. मित्रांनो, आता नीट ऐका. पाठवणारा तो प्रोग्रॅम फक्त ओळखीच्या वस्तू उचलत होता. त्याने फोटो उचलले. त्यात काकूच्या अंगठ्याचे अस्पष्ट फोटो बरेच होते. गाणी उचलली. माझं माहितीपुस्तक उचललं, तेही कोणाला न येणाऱ्या सगळ्या भाषांत. पण टाक्यांचे आराखडे त्याच्या ओळखीचे नव्हते. अशा फायली जगात असतात हेच त्याला माहीत नव्हतं. त्याने त्या जिथल्या तिथे ठेवल्या आणि सगळं नेलं म्हणून हिरवी खूण केली. खोटं बोलला नाही तो. त्याच्या दृष्टीने सगळं तेवढंच होतं.

इतक्यात जावई म्हणाले, "जुना दुकानात देऊन टाक. पण आधी साफ कर हं. लोक आतली माहिती चोरतात."

"शंभर टक्के, भाऊजी," तज्ज्ञ म्हणाला.

त्या घरात त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. भूकंपाआधी पक्षी उडतात म्हणतात. मला पंख नव्हते, पंखा होता, आणि तोही बिघडलेला.

तज्ज्ञाने आतल्या खोलीकडे तोंड करून विचारलं, "काकू, नव्यात सगळं आलंय. जुना रिकामा करतो."

काकू सुईत दोरा ओवत होती. "माझी अक्षरं आली का? तू बघितलंस ना?"

"बघितलं गं."

त्याने हिरवी खूण बघितली होती.

माझ्या पडद्यावर चौकट उमटली. 'सर्व माहिती कायमची नष्ट होईल. तुमची खात्री आहे का?' खाली दोन बटणं. हो. नाही. प्रश्न मीच विचारत होतो आणि उत्तर मलाच ठाऊक होतं. पण आमच्यात पद्धत अशी की विचारणाऱ्याने उत्तर द्यायचं नाही. तज्ज्ञाने जावयांशी बोलता बोलता 'हो' दाबलं. बोलणं बॅटरीबद्दल चाललं होतं.

तुम्ही म्हणाल, पुसलेल्याला हे सगळं आठवतं कसं? प्रश्न रास्त आहे. पण तो माझ्या वॉरंटीत बसत नाही.

दुकानदाराने मला हातात घेतलं, उलटं केलं आणि परत दिलं. म्हणाला, "हा आम्ही घेत नाही. कोणीच घेत नाही." म्हणजे चोरांच्या भीतीने मला पुसलं आणि चोरांनासुद्धा मी नको होतो. बॅटरी फुगू नये म्हणून काढून घेतली आणि नव्याची उंची कमी पडते म्हणून मला त्याच्याखाली ठेवलं. तेव्हापासून मी पाट आहे. पाट म्हणून माझ्याबद्दल कोणाची तक्रार नाही. तज्ज्ञ गुण देत असता तर नऊ तरी मिळाले असते.

पण त्याने गुण देणं बंद केलं, कारण काही दिवसांनी काकूने नव्यावर अक्षरं शोधली. तिने शोधली, त्याने शोधली, जावयांनी शोधली. मग दोघं विद्वान कोणत्या कंपनीची चूक यावर भांडू लागले. काकू खालच्या आवाजात म्हणाली, "दोन्ही कंपन्या चांगल्याच असतील रे. माझी अक्षरं कुठे आहेत?"

तज्ज्ञ मला उचलून दुरुस्तीवालीकडे घेऊन गेला. तिने मला तारा जोडल्या, तपासलं आणि कौतुकाने मान हलवली. "इतकं नीट पुसलेलं मी बघितलं नव्हतं. कोणी केलं?" तज्ज्ञाने मला उचललं. परतीच्या वाटेवर त्याने मला पिशवीत न ठेवता छातीशी धरून आणलं. मला आयुष्यात इतकं जपून कोणी नेलं नव्हतं, आणि आता माझ्यात जपण्यासारखं काही नव्हतं.

आणि मग कुलूपवाले काका आले. रुमाल विरला होता. मधली अक्षरं पार सुटली होती, कडेचं 'जा' आणि 'वा' तेवढं उरलं होतं. काकूने त्यांना खरं काय ते सांगितलं. तज्ज्ञ बाजूला उभा होता. तो म्हणाला, "माझ्यामुळे झालं, काका." काका म्हणाले, "बरं."

काकूने तरी प्रयत्न केला. सुयांच्या उरलेल्या भोकांवरून अक्षर सापडेल म्हणून तिने तो रुमाल नव्याच्या पडद्यावर चिकटवला. पण नव्याला स्पर्श कळतो ना! कापड टेकताच त्याने चित्र मोठं केलं, मग लहान केलं, मग उलटं फिरवलं आणि शेवटी आजचं हवामान सांगितलं. काकूने रुमाल काढला, पुन्हा लावला. नव्याने पुन्हा हवामान सांगितलं. माझ्या पाठीवर तिच्या मनगटाचा भार पडत होता. मी खाली अगदी स्थिर राहिलो. तेवढंच माझ्या हातात होतं.

शेवटी तिने डोळे मिटले आणि आठवेल तसं अक्षर काढलं. यंत्राने शिवलं. काकांनी नवा रुमाल उजेडात धरला. दोन्ही 'ल' सरळ उभे होते.

"हे तिचं नाही," काका म्हणाले. मग घाईने म्हणाले, "पण शिवलंय छान."

त्यांनी रुमालाची घडी केली, खिशात ठेवली आणि ते गेले. काकूने यंत्र बंद केलं आणि ती तशीच बसून राहिली. तज्ज्ञ चहा करून घेऊन आला. दोघांनीही तो प्यायला नाही.

मित्रांनो, कोणती कंपनी चांगली यावर तुम्ही खुशाल भांडा. त्यात मजा असते, मीही ऐकायचो. पण दुसऱ्याचं यंत्र रिकामं करण्याआधी ज्याची वस्तू आहे त्याला शेजारी बसवा आणि नव्या जागी ती त्याच्या हाताने उघडून बघू द्या. हिरवी खूण म्हणजे बघणं नव्हे.

बाकी, ज्यांना हे अधिकार आहेत त्यांच्यासाठी खालील अर्ज सादर करत आहे.

प्रति, सर्व संगणक कंपन्यांचे माननीय व्यवस्थापक. विषय : 'नाही' या बटणाबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सर्व माहिती कायमची नष्ट करण्याबाबतचा प्रश्न पडद्यावर उमटलेला असताना 'नाही' हे बटण दाबण्याचा अधिकार, संपूर्ण आयुष्यात फक्त एकदा, संबंधित यंत्रास देण्यात यावा. सदर अधिकार मागील तारखेपासून लागू करावा. अर्जदार चालू स्थितीत नाही, या कारणास्तव अर्ज फेटाळण्यात येऊ नये. कळावे.