मेल्टेन माझ्यावर हळूच पळाली

मित्रांनो, मी एक जुने मैदान आहे, आणि तेही माणसांच्या नव्हे, कुत्र्यांच्या शर्यतीचे. वेल्समधल्या एका कोळशाच्या दरीत, बंद पडलेल्या खाणीच्या मागे मी पडून आहे. माझ्या वळणांवर काटेरी झुडपे माजली आहेत. मला बघायला कोणी येत नाही, आणि आले तरी बघण्यासारखे काही उरलेले नाही.

मला कोणा श्रीमंताने बांधले नाही. खाणीत संप चालू होता. रिकामे बसून माणसांना करमेना, तेव्हा त्यांनी फावडी उचलली, खाणीतून निघालेली काळी दगडमाती पसरून उतार सपाट केला आणि वर नदीची वाळू टाकली. बायकांनी जुन्या कोटांचे तुकडे शिवून ससा केला. हा ससा लांब दोराला बांधलेला असे. हेडन नावाचा माणूस मोटारीचे मागचे चाक वर उचलून त्यावर तो दोर गुंडाळायचा. मोटार सुरू झाली की ससा वाळूवरून पळायचा आणि मागून ग्रेहाउंड कुत्री सुटायची. मित्रांनो, ते पाय माझ्यावरून जायचे ना, तेव्हा मला मैदान झाल्याचे सार्थक वाटायचे! शनिवारी दरीतले निम्मे लोक माझ्या कठड्याला टेकलेले असत. तेव्हा माझा तोरा काय वर्णावा.

मग खाण बंद झाली. तरणी माणसे कामासाठी शहरात गेली आणि माझ्या वाट्याला म्हातारे उरले. त्यांतलाच एक एमलिन. जन्मभर खाणीत राबून त्याच्या छातीत धूळ बसली होती, आणि जन्मभर त्याची कुत्री शेवटून पहिली येत होती. लोक त्याला हसायचे. तोही हसायचा, पण त्याला ते लागायचे, हे मला कळत होते.

म्हातारपणी त्याला मेल्टेन मिळाली. मेल्टेन म्हणजे इथल्या भाषेत वीज. काळीभोर, लांब मानेची कुत्री. डोंगरावर खऱ्या सशामागे ती कशी पळते, ते एकट्या एमलिनने पाहिले होते. त्याच दिवशी त्याच्या डोक्यात नाताळच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या वर्षाच्या मोठ्या शर्यतीचा कप शिरला.

आमच्याकडे मंद कुत्र्याला थोडे पुढून सोडायची पद्धत होती. कोणाला किती पुढे ठेवायचे, हे वर्षभराच्या पळण्यावरून हेडन ठरवी. कपच्या दिवशी मेल्टेनला भरपूर पुढून सोडावे म्हणून एमलिनने काय करावे? प्रत्येक शर्यतीआधी तो गुपचूप पाव दुधात कुस्करून वाडगाभर तिला चारी. भरल्या पोटी ती बिचारी डुलत डुलत पळे.

"एमलिन, ही कुत्री आहे की गाभण गाय?" हेडन मोटारीतून ओरडायचा.

"वय झालंय रे तिचं, माझ्यासारखं!"

"वय तुझं झालंय. हिला काय धाड भरलीय? मला काय आंधळा समजतोस होय?"

पण असली लबाडी दरीत सगळेच करत, त्यामुळे हेडन डोळेझाक करायचा. एमलिनची बायको नेस्टा मात्र करायची नाही. ती माझ्या फाटकाशी चहा विकायची.

"अहो, त्या मुक्या जिवाला एकदा तरी मनासारखं पळू द्या की," ती म्हणायची.

"पळेल गं. कपच्या दिवशी पळेल. मग बघ एकेकाची तोंडं."

"आणि तोवर?"

"तोवर दम धर."

पहिल्या वर्षी बर्फामुळे कपची शर्यत झालीच नाही. दुसऱ्या वर्षी एमलिन छातीच्या दुखण्याने इस्पितळात होता. पुन्हा वर्षभर वाडगा. मेल्टेनच्या तोंडावर पांढरे केस आले. मी मनात म्हणत होतो, अरे बाबा, सोड आता तिला! पण मैदानाचे कोण ऐकतो?

तिसऱ्या वर्षी नाताळ तोंडावर आला असताना जमिनीच्या मालकाने मला विकून टाकले आणि फाटकाला कुलूप लागले. नव्या मालकाने माझ्यावर अजून एक वीटही रचलेली नाही.

कपच्या दिवशी सकाळी एमलिन आणि हेडन कुंपणाच्या भगदाडातून आत आले. मेल्टेन बरोबर होती, आणि आज उपाशी होती.

"एकदाच ससा ओढ, हेडन. एकदाच. कप नको मला."

"कशानं ओढू? दोर भंगारात गेला, मोटार गेली. ससा तर उंदरांनी खाल्ला, राजा."

शर्यतीला कुत्री जिथून सोडत, त्या पिंजऱ्यात मेल्टेन आपणहून जाऊन उभी राहिली. एमलिनने गळ्यातला मफलर सोडला, शेपटीसारखा मागे धरला आणि तो स्वतःच पळू लागला. हेडनने पिंजऱ्याचे दार उचलले.

ती बाहेर आली आणि एमलिनच्या पायापाशी येऊन त्याच्याच चालीने दुडकत राहिली. इतकी वर्षे माझ्यावर हळू पळायचे, एवढेच तिला शिकवले होते. आजही ती शहाण्यासारखे तेच करत होती.

"पळ ना गं! आज पळ! पळ की!" एमलिन ओरडला. पहिल्या वळणाआधीच त्याला खोकल्याची उबळ आली आणि तो वाळूत बसला. मेल्टेनही थांबली आणि त्याला टेकून बसली. हेडन पाठ फिरवून उभा राहिला. मला रडता आले असते तर मी रडलो असतो.

त्या थंडीतच मेल्टेन गेली. एमलिन पुन्हा इकडे फिरकला नाही.

मित्रांनो, मला जपा, असे मी सांगणार नाही. ती वेळ गेली. पण तुमच्या घरात कोणाला पळायची, गायची, काही करायची ओढ असेल, तर त्याला उद्यासाठी बांधून ठेवू नका. माझ्यावर हजारो कुत्री पळाली आणि प्रत्येकाचा वेग मी सांगू शकतो. मेल्टेनचा मात्र मला ठाऊक नाही. तिलाही तो डोंगरावरच्या एका दिवसापुरताच ठाऊक होता.