मामाच्या गावचं शिबिर

पहिली काठी तौफिकच्या पाठीवर बसली तेव्हा भैरवी ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभी राहून वाळूच्या पोत्याचं तोंड शिवत होती. तिला वाटलं, काठावर कुणीतरी ओली चादर दगडावर आपटली. दुसऱ्या काठीला तौफिक ओरडला आणि तिनं मान वर केली.

काठावर पाच माणसं होती. पाचांच्याही हातात वेळूच्या काठ्या, आणि सगळ्यांत पुढं आकाराम, तिच्या आईचा थोरला भाऊ. शिबिराच्या पहिल्या दिवशी याच मामानं सगळ्या पोरांना घरी बोलावून झुणका-भाकरी वाढली होती. तौफिक पुरे म्हणत असताना त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली होती.

"फोटो काढतोस व्हय रं?" आकाराम म्हणत होता. "आमच्या पोरीसंगट फोटो काढतोस?"

तौफिक पोत्यांच्या थरावर पालथा पडला होता. एकानं त्याला कॉलरला धरून उलटा केला आणि तोंडावर लाथ घातली. जबड्यातून जो आवाज आला तो भैरवीला पुढं कित्येक महिने जेवताना ऐकू यायचा.

कोल्हापूरच्या कॉलेजातली ही पोरं शाहूवाडीकडच्या या कातळेवाडीत आली होती ती नेतृत्व प्रशिक्षणाच्या शिबिराला. सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, संध्याकाळी गावकऱ्यांसाठी कार्यक्रम. ओढ्यावर वाळूच्या पोत्यांचा बंधारा घालायचा होता, म्हणजे उन्हाळ्यात खालच्या वस्तीला पाणी राहील. पुण्याहून आलेल्या प्रशिक्षक बाईंनी पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या जोड्या लावल्या. जोडीदार आपल्यापेक्षा वेगळ्या घरातला असला पाहिजे, ही अट. भैरवी वारणानगरची. वडील साखर कारखान्यात फिटर, आई घरात. कॉलेजात ती कायम मागच्या बाकावर बसायची. गटप्रमुख झाली तीसुद्धा चिठ्ठीत नाव निघालं म्हणून. तिच्या जोडीला आला तौफिक मुजावर. कोल्हापुरातच वाढलेला, रिक्षावाल्याचा मुलगा, भलताच बडबड्या.

बाईंनी सांगितलं होतं, एकमेकांतले फरक शोधा आणि सगळ्यांसमोर मांडा. दोघं तासभर वडाखाली बसले. शेवटी तौफिक उठून म्हणाला, "मॅडम, ही कोबी खात न्हाय. मी खातो. बाकी काय सापडंना." सगळं शिबिर हसलं होतं.

वर्षाराणी ही आकारामची धाकटी. बारावीला होती. आतेबहीण भैरवी आलीय म्हणून ती रोज ओढ्यावर यायची आणि पोती भरायला हात लावायची. आदल्या दिवशी पोत्याचं एक टोक तिनं धरलं होतं, दुसरं तौफिकनं. पोतं फाटून वाळू दोघांच्या पायांवर पडली आणि दोघं हसले. गटातल्या ऋतानं नेमका तेव्हाच फोटो काढला, स्टेटसला ठेवला आणि विसरून गेली. रात्रीतून तो कुणीतरी गावातल्या ग्रुपवर टाकला. खाली जे लिहिलं होतं ते वाचून आकाराम सकाळी न जेवता घराबाहेर पडला होता.

शिबिर घेऊन आलेले घोरपडे सर काठावर हात जोडून उभे होते. "पावणं, ऐकून घ्या. अहो, आपण बसून बोलू." कुणी त्यांच्याकडं बघितलंही नाही. पोरं शाळेच्या दिशेनं पळत सुटली होती. सयाजी, हातकणंगल्याचा तो थोराड अंगाचा पोरगा, तोसुद्धा पळताना भैरवीला दिसला.

ती पाण्यातून वर आली आणि मामाच्या काठीला दोन्ही हातांनी लटकली.

"मामा, थांबा. मरंल त्यो."

"भैरवे, बाजूला हो."

"त्यानं काय केलं न्हाय मामा. मी हितंच होतो की."

"बाजूला हो म्हणालोय तुला." त्यानं झटका दिला. ती खडकावर आपटली, कोपर सोललं. वर बघते तर मामानं काठी टाकून दिली होती आणि कडेचा दगड उचलला होता. बंधाऱ्याच्या पायात बसवायला पोरांनीच गोळा केलेला, दोन हातांत मावेल न मावेल एवढा. तौफिकनं तोंडापुढं हात धरले होते. बोटांमधून रक्त वाहत होतं, आणि तो काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होता, पण जबडा हलत नव्हता.

भैरवीच्या हाताला खोरं लागलं. तिनं ते दांड्याच्या टोकाला धरलं आणि अंगातलं सगळं बळ लावून मामाच्या गुडघ्यावर घातलं.

हाड मोडलं ते सगळ्यांना ऐकू आलं. आकाराम बसल्यासारखा खाली गेला. दगड त्याच्याच मांडीवरून घरंगळून पाण्यात पडला. तो ओरडला नाही. भाचीकडं बघत राहिला, तिला पहिल्यांदाच बघत असल्यासारखा.

मग चौघं तिच्यावर आले. एक काठी खांद्यावर बसली, एक कानशिलावर. डोक्यात शिट्टी वाजायला लागली. तिनं खोरं सोडलं नाही. भोवंडत, आंधळ्यासारखं फिरवत राहिली. पातं एकाच्या दंडाला लागलं आणि मांस उघडं पडलं. त्यानंतर तिच्या शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. सयाजी परत आला होता, हातात टिकाव घेऊन, रडत. त्याच्या मागं आणखी दोघं-तिघं. चौघं थबकले. आकारामला उचलून खांद्यावर घेऊन ते निघाले, आणि जाता जाता काठावर धावत आलेल्या वर्षाराणीला त्यांच्यातल्याच भावकीतल्या एका चुलत्यानं केसाला धरून ओढत नेलं. ती "बाबा, बाबा" म्हणत होती. स्वतःला सोडवायला हाक मारत होती की जखमी बापासाठी, ते भैरवीला कळलं नाही. डाव्या कानानं तिला काहीच ऐकू येत नव्हतं.

कोल्हापुरात सरकारी दवाखान्यात तौफिकचा जबडा तारांनी बांधला. तीन बरगड्या मोडल्या होत्या, पोटात रक्त साठलं होतं. त्याची आई कॉटशी बसून होती. भैरवी समोर जाऊन उभी राहिली तेव्हा त्याच्या आईनं तिच्या कानाची पट्टी बघितली, कोपर बघितलं आणि सरकून शेजारी जागा केली.

"त्या माणसानंच माझ्या लेकराला पोटभर जेवायला घातलं म्हणं," तौफिकची आई म्हणाली.

"व्हय," भैरवी म्हणाली. "माझे मामा हायत."



शिबिर बंद झालं. कॉलेजच्या अहवालात 'स्थानिक पातळीवर किरकोळ गैरसमज' एवढंच आलं. पोलिसांत दोन तक्रारी गेल्या. एक तौफिकच्या बापाची, दुसरी आकारामची, भैरवीवर. मग मिटवामिटवीची माणसं येऊ लागली. भैरवी एकेका पोराच्या दारात गेली. पाहिलं ते सांगा, एवढंच तिचं म्हणणं. ऋताच्या वडिलांनी दारातूनच सांगितलं, "आमच्या मुलीला यात ओढू नकोस. तिचा फोटो होता म्हणून आधीच झोप उडालीय तिची." एकानं परीक्षा पुढं केली, एकानं नंबर बदलला. घोरपडे सर म्हणाले, "बाळ, माझी नोकरी अजून कायम झालेली नाही." ते खोटं बोलत नव्हते, म्हणून तिला जास्त राग आला. अख्ख्या शिबिरातून एकटा सयाजी जबाब द्यायला आला. पोलीस ठाण्याच्या पायरीवर तो म्हणाला, "मी आधी पळालतो. तेबी सांगतो."

वारणानगरच्या खोलीत तिची आई लीला तिच्याशी बोलेनाशी झाली. लीलाला आईबाप नव्हते. तिचं माहेर म्हणजे हा भाऊच. त्यानंच तिचं लग्न लावून दिलं, दोन्ही बाळंतपणं केली. एके दिवशी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "माझ्या भावाचा पाय मोडलास तू."

"व्हय."

"दुसरं काय सुचलं न्हाय तुला?"

"न्हाय सुचलं आई. त्याच्या हातात धोंडा होता."

लीलानं तव्यावरची भाकरी उलटली. ती करपली होती.

पाऊस संपता संपता आकाराम स्वतः आला. काखेत कुबडी. भात लावायला यंदा मजूर लावावे लागले, म्हणाला. खुर्चीत बसताना पाय पुढं ताठ करून ठेवावा लागत होता. लीलानं चहा केला. त्यानं बशीत ओतला, पण प्याला नाही.

"पोरी, मी माझी तक्रार मागं घेतो," तो म्हणाला. "तू तुझा जबाब फिरव. गडबडीत दिसलं न्हाय म्हण. त्या पोराच्या बापाला काय द्यायचं ते देऊ."

"वर्षा कुठं हाय मामा?"

"दिली. गडहिंग्लजकडं. चांगलं घर हाय."

"बारावी?"

त्यानं चहाची बशी पुढं सरकवली.

"ती हसलीवती फक्त," भैरवी म्हणाली.

"गाव काय काय बोलत होतं ते तू ऐकलं न्हाईस." त्याचा आवाज चढला आणि तसाच खाली आला. "मला दारातनं बाहेर पडायला तोंड उरलं नव्हतं. त्याला न मारता घरात कसा बसणार होतो? तू सांग."

"त्याच्या आईला जाऊन भेटा. काय केलं ते तिला सांगा. मग बघू."

 आकाराम कुबडी घेऊन उठला. "ते माझ्यानं व्हायचं न्हाय," तो म्हणाला, आणि बहिणीकडं वळला. "लीले, येतो." लीला दारापर्यंत गेली. स्टँडपर्यंत नाही गेली.

आकारामवरचा खटला उभा राहायला आणखी दोन पावसाळे गेले. तोवर तौफिकनं कॉलेज सोडलं होतं. इचलकरंजीत त्याच्या मामाच्या गॅरेजवर काम करायचा. तोंड नीट उघडत नसे, त्यामुळं बोलणं कमी झालं होतं. फोन केला की "हां, बरं हाय" एवढंच. अर्धवट बंधारा पहिल्याच पुरात वाहून गेला असं कुणीतरी सांगितलं. भैरवी एका संस्थेत लागली होती, गावोगाव बचत गटांच्या बायकांच्या बैठका घ्यायची. बैठकीत ती नेहमी डावा कान भिंतीकडं करून बसायची, म्हणजे सगळ्या बायका उजवीकडं येत.

साक्षीच्या दिवशी आई तिच्याबरोबर तालुक्याच्या कोर्टात आली. का येतेस, असं भैरवीनं विचारलं नाही. कोर्टाला दगडी पायऱ्या होत्या. त्या दोघी पोचल्या तेव्हा आकाराम मधल्या पायरीवर अडकला होता. एक हात कुबडीवर, दुसरा कठड्यावर, आणि कपाळावर घाम. बरोबरचे चौघं वर वकिलाशी बोलत उभे होते. लीलानं पिशवी मुलीच्या हातात दिली, पुढं होऊन भावाच्या काखेत खांदा दिला आणि एकेक पायरी करत त्याला वर नेलं.  ते वर पोचेपर्यंत भैरवी खालीच थांबली.

आत सरकारी वकिलानं विचारलं, "काठी मारणारा आणि दगड उचलणारा माणूस इथं हजर आहे का?"

"आहे."

"दाखवा."

तिनं हात केला.

"यांना तुम्ही आधीपासून ओळखता?"

"लहानपणापासून," ती म्हणाली. "माझे मामा आहेत."

आकारामनं मान हलवली. ते बरोबर आहे, अशी. लिहून घेणाऱ्यानं लिहून घेतलं. भैरवीनं आईला शोधलं. एका बाजूच्या बाकावर तौफिकची आई होती आणि दुसऱ्या बाजूला मामाची माणसं. दोन्हीकडं जागा होती. लीला मागच्या भिंतीशी, पिशवी पोटाशी धरून उभी होती. साक्ष संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली.